कॅव्हेट: सावध कोणी असायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांना गावाकडच्या चुलत भावाच्या वकिलाकडून रजिस्टर पोस्टाने पाकीट आले. आत 'कॅव्हेटची नोटीस'. वाद शेतात जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याचा. ते विचारतात, आमच्यावर केस झाली का? तारखेला हजर राहायचे का? आणि हा कॅव्हेट शब्द मुळात कुठला, त्याचा अर्थ काय?

केस झालेली नाही. कुठल्याही तारखेला जायचे नाही. नोटिशीला उत्तर देण्याचेही बंधन नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण गेली सव्वीस वर्षे मी दिवाणी कामे चालवतो आहे आणि असे पाकीट घेऊन सकाळी सकाळी ऑफिसात येणारा माणूस बहुतेक वेळा रात्रभर झोपलेला नसतो. 'न्यायालयात' हा शब्द वाचला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. तेव्हा आधी घरी सांगून टाका, दावा झालेला नाही. 'माझे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' अशी भावाने न्यायालयाला आधीच करून ठेवलेली विनंती, एवढेच ते कॅव्हेट.

आता शब्दाकडे येतो. तो नीट कळला की कॅव्हेटने काय होते आणि काय होत नाही, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. आमच्या वकिलांच्या बार रूममध्येसुद्धा 'त्याच्यावर कॅव्हेट टाकले' असे सर्रास म्हणतात, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. कॅव्हेट समोरच्या माणसावर टाकलेलेच नसते.

लॅटिनमध्ये 'कावेरे' असे क्रियापद आहे. अर्थ: सावध असणे, लक्ष ठेवणे, जपणे. त्याचे 'कावेत' हे रूप म्हणजे 'तो सावध आहे'. आणि 'कावेआत' म्हणजे 'त्याने सावध असावे'. एका स्वराने अर्थ पालटतो. शाळेत मराठी व्याकरणात विध्यर्थ शिकलो होतो, तोच हा प्रकार: करावे, जावे, असावे. आपण न्यायालयात रोज उच्चारतो तो 'कॅव्हेट' म्हणजे मुळात नाम नव्हेच. ते एक अख्खे वाक्य आहे, 'त्याने सावध असावे'. त्या वाक्याचा पुढे कागद झाला, कागदाचे नाम झाले आणि इंग्रजी उच्चारातून घासत घासत आपल्याकडे ते कॅव्हेट, केव्हेट, कॅव्हिएट अशा नाना रूपांत आले. अर्जावर यातले काहीही लिहिले तरी फाइलिंगचा कारकून घेतो.

या 'कावेरे'चे मूळ आणखी मागे गेले की आपल्या घराजवळ येते. भाषांचे अभ्यासक ते ज्या आद्य धातूपर्यंत नेतात त्याचा अर्थ 'पाहणे, जाणणे, ध्यानात घेणे'. त्याच धातूपासून संस्कृतातला 'कवि' आला, असे ते मानतात. वेदांतला कवी म्हणजे नुसता पद्य रचणारा नव्हे, ज्याला पलीकडचे दिसते तो. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला 'कविक्रतु' म्हटले आहे. इंग्रजीतला 'शो', म्हणजे दाखवणे, हाही याच कुळातला. म्हणजे न्यायालयातला कॅव्हेट आणि आपला कवी लांबचे भाऊबंद निघाले. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता आणि आजही ज्युनिअर आले की त्यांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कारण कॅव्हेटचा गाभा इथेच आहे. समोरचा उद्या काय करणार, हे आज पाहणे.

रोजच्या लॅटिनमध्ये हा शब्द किती साधा होता, हे पॉम्पेईत दिसते. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरातल्या एका घराच्या उंबऱ्यापाशी जमिनीत बारीक दगडी तुकड्यांचे चित्र आहे. साखळीला बांधलेला काळा कुत्रा, आणि खाली दोन शब्द, 'कावे कानेम'. आपल्या बंगल्यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी असते, तीच ही. 'कावे' म्हणजे 'तू सावध रहा', ही आज्ञा. तिथून 'कावेआत' एका पावलावर.

सिसेरो या रोमन वक्त्याने एक किस्सा लिहून ठेवला आहे. क्रॅसस हा रोमचा सेनापती पार्थियनांवर स्वारी करायला ब्रुंडिसियम बंदरातून निघाला. धक्क्यावर एक जण कॉनस गावचे अंजीर विकत होता आणि 'कौनेआस' अशी आरोळी देत होता. ऐकणाऱ्याला ती 'कावे ने एआस' अशीही ऐकू येऊ शकत होती, म्हणजे 'सावध, जाऊ नकोस'. क्रॅसस गेला आणि इसवी सनपूर्व 53 मध्ये कॅऱ्हीच्या लढाईनंतर मारला गेला. सिसेरोचा स्वतःचा शकुनावर विश्वास नव्हता. मला मात्र या किश्श्यातून एवढेच घ्यायचे आहे की हा शब्द रोममध्ये बाजारात, धक्क्यावर, दारात सगळीकडे होता. कायद्याने तो तिथून उचलला.

आणि उचलला तो वकिलांनीच. रोमन कायदेपंडिताची तीन कामे सांगितलेली आहेत. विचारणाऱ्याला मत देणे हे पहिले, प्रकरण चालवण्यात मार्गदर्शन करणे हे दुसरे आणि तिसरे 'कावेरे', म्हणजे पुढे भांडण उभे राहू नये अशा बेताने दस्त लिहून देणे. दस्त लिहिताना ज्या पक्षकाराने 'एवढे कशाला लिहिता साहेब, भाऊच आहे' असे म्हटले नाही, असा पक्षकार मला अजून भेटायचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही तसेच म्हणत असणार. याच धातूपासून 'काउतिओ' म्हणजे तारण, हमी. इंग्रजीत त्याचे कॉशन झाले. कॉलेजात प्रवेश घेताना आपण 'कॉशन मनी' भरला तो हाच. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतले जुने कागद हाताळणाऱ्यांना 'कावसांव' हा अनामतीचा शब्द माहीत असेल. तोही याच घरातला.

बऱ्याच जणांना 'कॅव्हेट एम्प्टर' हे वचन माहीत असते: खरेदीदाराने सावध असावे. ते लॅटिनमध्ये आहे म्हणून रोमन असेल असे वाटते. तसे नाही. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूमच होता की गुरे आणि गुलाम विकणाऱ्याने त्यांच्यातले दोष आधी उघड करावेत. खरेदीदारावर सगळे ढकलणारे हे वचन इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या सुमारास रूढ झालेले दिसते. पण त्याचा एक उपयोग आहे. त्यात कोणी सावध असावे, ते लिहिलेले आहे: एम्प्टर, म्हणजे घेणारा. आपल्या कॅव्हेटमध्ये नुसते 'सावध असावे' आहे. कोणी? हा कर्ता गाळलेला आहे, आणि सगळा गैरसमज त्या रिकाम्या जागेत शिरतो.

तो कर्ता शोधायला इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयात जावे लागते. तिथे मृत्युपत्रांची प्रकरणे शतकानुशतके बिशपच्या न्यायालयांत चालत. 1857 च्या कायद्याने ती काढून घेतली आणि 1858 पासून प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र खरे ठरवून देण्याचे, स्वतंत्र न्यायालय आले. तोपर्यंत एखाद्याला वाटले की काकाचे खोटे मृत्युपत्र पुढे करून कोणीतरी प्रोबेट मिळवणार आहे, तर तो न्यायालयाच्या दप्तरात नोंद करून ठेवी. मला कळवल्याशिवाय या मयताच्या मिळकतीबाबत काही करू नये. ती नोंद म्हणजे कॅव्हेट. सावध असायचे होते ते न्यायालयाने, त्याच्या दप्तराने. समोरच्या पक्षाशी तो कागद बोलतच नव्हता.

हाच मजकूर आपल्या कायद्यात आजही जसाच्या तसा बसलेला आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 चे कलम 284 काढा आणि मागे पाचव्या अनुसूचीत त्याचा नमुना पाहा. नमुना एका वाक्याचा आहे. अमुक गावचे, अमुक तारखेला अमुक ठिकाणी वारलेले अमुक यांच्या मिळकतीच्या बाबतीत, अमुक यांना सूचना दिल्याशिवाय काहीही केले जाऊ नये. बस्स. आरोप नाहीत, मागणी नाही, हकीकत नाही. एवढ्या मोजक्या शब्दांत एवढे काम करणारा दुसरा नमुना मला तरी आठवत नाही. मुंबईत ही पद्धत फार जुनी. 1862 मध्ये उच्च न्यायालय सुरू होण्याआधी मुंबईला राजाच्या सनदेने स्थापन झालेले सर्वोच्च न्यायालय होते आणि त्याला चर्चच्या न्यायालयांसारखेच मृत्युपत्रांचे अधिकार होते. कॅव्हेट आपल्याकडे जमिनीच्या वादातून आले नाही. ते मृत्युपत्राच्या पाकिटातून आले.

मृत्युपत्राच्या बाबतीत एक गोष्ट सांगून पुढे जातो. कोणीही उठून कॅव्हेट दाखल करू शकत नाही, मयताच्या मिळकतीत त्याचा हितसंबंध दिसला पाहिजे. प्रियंवदा बिर्ला यांच्या मृत्युपत्राच्या गाजलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हा मुद्दा तपशिलाने तपासला आहे.

आता दिवाणी दाव्याकडे, म्हणजे प्रश्नकर्त्याच्या पाकिटाकडे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मुळात कॅव्हेटचे कलम नव्हते. 1976 च्या दुरुस्तीने कलम 148-अ घातले गेले आणि 1 मे 1977 पासून ते लागू झाले. गरज कशाने पडली, ते आपल्या तालुक्याच्या न्यायालयात पाच मिनिटे बसले की कळते. दावा दाखल होतो, त्याच्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असतो. महाराष्ट्रात त्याला सगळे 'निशाणी 5' म्हणतात, कारण रेकॉर्डवर तो त्याच क्रमांकाने लागतो. वादीचे वकील उभे राहतात. समोर कोणी नसते, कारण समोरच्याला अजून दाव्याची खबरच नाही. न्यायाधीशांना एकच बाजू ऐकून ठरवायचे असते. नियमाने आधी प्रतिवादीला नोटीस काढायची असते. पण तेवढ्या उशिराने अर्जाचा हेतूच फसेल असे वाटले, तर कारणे लिहून एकतर्फी आदेश देता येतो. मग प्रतिवादीला ते कळते तेव्हा बेलीफ दारात उभा असतो आणि हातात 'जैसे थे'चा हुकूम.

कॅव्हेट या नेमक्या क्षणासाठी आहे. ते सांगते, अमुक माणूस माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन येण्याचा संभव आहे. तो आला तर मला कळवा, माझे ऐका, मग जो काय आदेश द्यायचा तो द्या. अर्ज आला की न्यायालयाने कॅव्हेट करणाऱ्याला नोटीस द्यायची आणि अर्जदाराने अर्जाची व कागदपत्रांची नक्कल, कॅव्हेट करणाऱ्याच्याच खर्चाने, त्याला द्यायची. दावा थांबत नाही, मनाई होत नाही, कोणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही. मनाईचा आदेश त्यानंतरही मिळू शकतो, फक्त दोन्ही बाजू ऐकून.

शब्दात जे 'सावध असावे' आहे, ते इथेही न्यायाधीशांना उद्देशून आहे. तुम्हाला नक्कल रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह आली, ती कलमाने घातलेल्या अटीमुळे. न्यायालयाला केलेली विनंती तुम्हालाही कळावी, इतकेच.

मग पक्षकार एवढे बेफिकीर का होतात? 'वकीलसाहेब, कॅव्हेट आहे ना, आता कशाला घाबरायचे?' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. सरकार, बँका, साखर कारखाने, गृहनिर्माण संस्था सगळे कॅव्हेट दाखल करतात. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिल्यावर त्या गटाने लगेच सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल केले, तेव्हा आठवडाभर हा शब्द घराघरांत टीव्हीवर ऐकू येत होता. त्यातून अनेकांचा समज झाला की कॅव्हेट म्हणजे किल्ल्याचा दरवाजा बंद. तो दरवाजा नाही. दारावरची कडी वाजली तर मला उठवा, असे पहारेकऱ्याला सांगून ठेवणे आहे. आणि तेही 90 दिवसांपुरते.

या 90 दिवसांनी मला एकदा फार मोठा धडा दिला. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विधवा बाईंसाठी विहिरीच्या वादात मी कॅव्हेट दाखल केले. तारीख 3 मार्च. दिवस मोजले तर 1 जूनला 90 भरतात. मध्ये उन्हाळी सुट्टी. मी मनाशी धरून चाललो की सुट्टी संपल्यावर पुन्हा करू. समोरच्या वकिलांनी माझ्यापेक्षा नीट मोजले होते. न्यायालय उघडल्याच्या पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी दावा दाखल केला, कॅव्हेटची मुदत संपलेली होती, आणि दुपारी 'जैसे थे' झाले. बाईंची मोटर बंद. आदेश पुढे उठला, पण त्याला सात आठवडे लागले आणि तेवढ्यात त्यांचा भाजीपाला वाळून गेला. त्या मला काही बोलल्या नाहीत. ते न बोलणे मला आजही लागते. तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक कॅव्हेटचा पंचाऐंशीवा दिवस लाल शाईने लिहिलेला असतो. 90 दिवसांच्या आत अर्ज आला तर कॅव्हेट आपले काम करते. आला नाही तर ते मरते आणि नवे दाखल करावे लागते.

दुसरी चूक नावांची. दप्तरात कॅव्हेट शोधले जाते ते पक्षांच्या नावांवरून. कॅव्हेटमध्ये तुम्ही चुलत भावाचे नाव लिहिले आणि दावा त्याच्या बायकोच्या किंवा आईच्या नावाने आला, तर जुळणी चुकण्याचा संभव मोठा. सात-बारावर ज्यांची ज्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांची नावे घाला. नाव सात-बारावर आहे तसेच लिहा, आडनावाच्या स्पेलिंगसकट. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कॅव्हेट शोधण्याची सोय आहे, तिथे आपले कॅव्हेट दिसते का तेही पाहून घ्या. आणि कॅव्हेट असूनही नजरचुकीने आदेश झालाच, तर तो आपोआप रद्द ठरतो की नाही, यावर उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. त्या वादात न पडता त्याच दिवशी त्याच न्यायालयात अर्ज देऊन आदेश उठवून मागणे, हाच रस्ता.

देश बदलला की या शब्दाचे वजन बदलते, हेही सांगायला हवे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात शोध पुरा होण्याआधी पेटंट कार्यालयात कॅव्हेट ठेवता येई. 14 फेब्रुवारी 1876 रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा टेलिफोनचा अर्ज आणि इलायशा ग्रे यांचे कॅव्हेट एकाच दिवशी दाखल झाले, आणि त्यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. ऑस्ट्रेलियात जमिनीच्या नोंदवहीवर कॅव्हेट लागले की पुढच्या व्यवहाराची नोंद खरोखरच अडते. तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी इथल्या अनुभवावरून 'कॅव्हेट काय, नुसती नोटीस असते' असे समजू नये.

आता प्रश्नकर्त्याला. तुम्हाला आलेल्या नोटिशीतले सगळ्यात मोलाचे वाक्य तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिले आहे. भाऊ म्हणतो की 'आम्ही आमच्या गटात कुंपण घालणार असून त्यास समोरील इसम हरकत घेण्याचा संभव आहे.' कॅव्हेट कोणी विनाकारण करत नाही. ज्याला काही करायचे आहे आणि तुम्ही ते थांबवायला न्यायालयात जाल असे वाटते, तोच ते करतो. तेव्हा हा कागद तुमच्यावरचा दावा नसला, तरी भावाच्या मनात काय आहे ते त्याने स्वतःच्या वकिलामार्फत तुम्हाला लेखी कळवले आहे. कुंपण येणार आहे. रस्ता बंद होणार आहे.

पाकीट टाकून देऊ नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपा. नोटिशीत कॅव्हेट दाखल केल्याची तारीख आणि न्यायालय पाहा आणि तिथून 90 दिवस मोजा. या शनिवारीच गावी जा. रस्ता आज कसा आहे त्याचे फोटो काढा. चाकोरी, गाडीचे चाक जिथून जाते ती जागा, बांधावरचे झाड, सगळे येऊ द्या. शेजारच्या गटवाल्यांपैकी कोण खरे बोलेल ते पाहून ठेवा, जुने फेरफार आणि गाव नकाशा काढा. रस्ता अडवलाच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दिवाणी न्यायालयात गेलात तर भाऊ पहिल्याच दिवशी म्हणणे घेऊन उभा राहील असे धरूनच जा, म्हणजे अर्ज एकतर्फी आदेशाच्या भरवशावर लिहिला जाणार नाही. अर्ज देताना त्याच्या कॅव्हेटचा उल्लेख स्वतःहून करा. लपवलेत आणि ते नंतर निघाले, तर न्यायाधीशांचा तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि निशाणी 5 च्या सुनावणीत तो विश्वास फार मोठी गोष्ट असते.

आणि भावाला एक फोन करा. रस्ता सोडून कुंपण घालायला तो तयार असेल, तर दोघांनी मोजणी करून घ्या आणि ठरेल ते तिथल्या तिथे लिहून काढा.